उमेदवार क्रमांक ४१७ची पडताळणी

उमेदवार क्रमांक ४१७, वर विभाग. नाव : चि. श्रीनिधी हुद्दार. वय : बत्तीस. उंची : पाच फूट आठ इंच. वर्ण : निमगोरा. गोत्र : काश्यप. शिक्षण : बी. ई. व्यवसाय : हुबळीत संगणक अभियंता. राहणार : मळमड्डी, धारवाड. वैवाहिक स्थिती : अविवाहित. व्यसन : नाही. अपेक्षा : मुलगी सुशिक्षित व मनमिळाऊ असावी; नोकरी असल्यास हरकत नाही, नसल्यासही नाही. संकेतस्थळावरील शेवटचा प्रवेश : आज, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे.

आज दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी उमेदवाराने प्रवेश केला, तेव्हा उमेदवाराचा डावा गुडघा तेल चोळून डिसेंबरच्या उन्हात ठेवलेला होता आणि मांडीवर निवडायची मेथी होती. उमेदवाराचं वय सदुसष्ट. उंची पाच फूट, त्यातही अलीकडे थोडी घट. नाव विमलाबाई. धारवाडच्या एका मराठी शाळेत छत्तीस वर्षं शिकवून, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच ठोकणारी पोरं त्या पुस्तक उघडण्याआधी ओळखत. अशा पोरांना त्या एकच वाक्य ऐकवत, "दुसऱ्याचं नाव लिहिताना हात कापायला पाहिजे होता." आता त्या रोज दुपारी मुलाच्या नावाने लिहीत होत्या आणि हात कापत नव्हता.

मुलगा श्रीनिधी याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. सून नेत्रा हुबळीचीच, श्रीनिधीच्याच कंपनीतली. लग्न जमलं ते कंपनीतल्या चहाच्या यंत्राशेजारी. वास्तविक समाजाच्या वधूवर मंडळाची साइट श्रीनिधीनेच फुकटात बनवून दिली होती, आणि ती चालते का हे बघायला स्वतःचं नाव घातलं होतं. मग फोन आईच्या हातात देऊन म्हणाला होता, "तूच बघ की ते. मला वेळ कुठाय?" आईने बघितलं. मन लावून बघितलं. मुलाने परस्पर लग्न ठरवल्यावर खातं बंद करायचं होतं. "करते," असं त्या म्हणाल्याही होत्या. पण त्या साइटची एक खोड होती. एकदा आत गेलेल्या माणसाला ती कधीच बाहेर काढत नसे. वयही वाढवत नसे. ते श्रीनिधीकडून राहून गेलं होतं, पण बऱ्याच पालकांनी त्याबद्दल त्याचे आभार मानले होते.

बंद न करण्याचं कारण वधू क्रमांक २६३ हे होतं. कु. सावनी, वय सत्तावीस, एम. टेक., राहणार हुबळी. पत्रिका पहिल्याच आठवड्यात फिस्कटली होती. एकनाडी. पण पत्रिका जुळत नाही म्हणून बोलणं थांबवावं असं मंडळाच्या नियमांत कुठे लिहिलेलं नव्हतं. सावनीने विचारलं, मेतकुटात तुमच्याकडे गहू किती घालतात? बत्तीस वर्षांच्या अभियंत्याने आठ ओळींत उत्तर दिलं. पुढे कधीतरी सत्तावीस वर्षांच्या मुलीने विचारलं, मोतीबिंदू काढल्यावर डोक्यावरून पाणी किती दिवसांनी घ्यावं? विमलाबाईंनी चष्मा पुसला आणि 'वीस' असं लिहिलं. अभियंत्याला हे कसं ठाऊक, असं पलीकडून कोणी विचारलं नाही. यांनीही काही विचारलं नाही. दोन्हीकडे शिक्षण झालेलं होतं.

त्यालाही आता चार वर्षं झाली होती. मधल्या काळात विमलाबाईंचे यजमान गेले, शाळेतल्या मैत्रिणी एकेक करून पुण्याला नाहीतर बेंगळूरला मुलांकडे पोचत्या झाल्या. दिवसभरात बोलणारी माणसं भरपूर होती, पण सगळ्यांचा प्रश्न एकच : गोळी घेतलीत काय? दुपारी अडीच ते साडेतीन हा एकच तास असा होता, जेव्हा कोणी त्यांना गोळीखेरीज दुसरं काही विचारत असे.

सोमवारी जेवताना श्रीनिधी म्हणाला, "या रविवारी मंडळाच्या साइटची लॉगिनची लायब्ररी बदलतोय."

"आता कशाला? चालली आहे की चांगली," विमलाबाई म्हणाल्या.

"चालली आहे हाच तर त्रास आहे. आई, आपण सगळंच स्वतः लिहीत नाही. लॉगिनचं काम दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं, ते आपण घेऊन बसवतो. दाराशी बसवलेला रखवालदार म्हण. आपला रखवालदार फार जुना आहे. एकदा तोंड बघितलं की जन्मभर आत सोडतो. त्याच्यात भोक सापडलंय असा इशारा तीन वेळा आलाय. कोणीही कोणाच्याही नावाने आत येऊ शकतो."

"अय्यो," नेत्रा म्हणाली. "असं कोण करत असेल?"

विमलाबाईंनी तिला आमटी वाढली.

"नवा रखवालदार बसला," श्रीनिधी पुढे म्हणाला, "की सगळे एकदा बाहेर. मग ज्याचं खातं, त्याच्या मोबाइलवर कोड जाणार. तो घातला की आत. महिन्याभरात घातला नाही तर खातं रद्द."

"पुढच्या वर्षी केलंस तर?"

"आई, तुझं काय जातंय त्यात?"

याचं उत्तर विमलाबाईंकडे होतं, पण सुनेसमोर देण्यासारखं नव्हतं. मुलाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी सासूने त्याला अजून बाजारातून उठवलेलं नाही, हे ऐकून कुठली सून काय समजेल, याचा विचार त्यांनी ताक ओतता ओतता केला आणि ताक सांडलं.

गुरुवारी मंडळाची सभा झाली. अध्यक्ष बाळाचार्य हे संगणकाला कधीही हात न लावता साइटचे संस्थापक होते. श्रीनिधीने चाचणीचा अहवाल वाचला. वीस उमेदवारांना नमुन्यादाखल कोड पाठवला होता. दोघांनी तो घातला. सात जणांनी आईला फोन करून विचारलं, हे काय आलंय? पाच जणांच्या आयांनी श्रीनिधीलाच फोन केला. पाच जणांनी काहीच केलं नाही. राहिलेल्या एकाने विचारलं, मंडळ कसलं? त्याचा मुलगा यूकेजीत होता.

"मग बरोबरच आहे," बाळाचार्य म्हणाले. "आपल्यात मुलाने स्वतः कधी अर्ज भरलाय काय रे? भरला तर लोक म्हणतील, घरात कोणी वडीलधारं नाही."

"आचार्य, पण खात्यात ज्याचं नाव, तोच माणूस पाहिजे ना?"

"नाव मुलाचं, अक्षर आईचं, निर्णय बापाचा. त्यात खोटं काय? लग्नं झालीत ना?"

"कोणीही कोणाच्याही नावाने आत शिरू शकतं, आचार्य!"

"हौदा? असं काय?" बाळाचार्यांनी शांतपणे विचारलं. "मग इतकी वर्षं काय चाललंय?"

शेवटी बदल मंजूर झाला, कारण नामंजूर करायला कारण लिहावं लागलं असतं. तेव्हा सभासदांत बसलेल्या विमलाबाई उठल्या. खातं रद्द करण्यापूर्वी प्रत्येक घरी पोस्टाने लेखी सूचना गेली पाहिजे, मोबाइलवरच्या निरोपाला सूचना म्हणत नाहीत, असं त्यांनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगितलं. बाळाचार्यांना पोस्ट या शब्दाने भरून आलं. "टीचर, पाकिटांवर पत्ते कोण लिहिणार पण?" "मी लिहीन," त्या म्हणाल्या. सभेने टाळ्या वाजवल्या. निःस्वार्थ सेवा म्हणून इतिवृत्तात नोंदही झाली.

पण पोस्टाचा काय भरवसा? शुक्रवारी दुपारी त्यांनी दुसरा उपाय केला. साइटवर फोन नंबर देता येत नसे. एकापुढे एक दहा आकडे आले की श्रीनिधीच्या कृपेने त्यांच्या चांदण्या होत. शिवाय विमलाबाई वराकडच्या होत्या, आणि वराकडच्यांनी आधी नंबर द्यायचा नसतो. तो दिला की गरज दिसते. म्हणून त्यांनी एक पाककृती पाठवली. शंकरपाळ्यांची. रवा नऊ वाट्या. तूप चार. पिठीसाखर चार. मीठ आठ चमचे. लसूण शून्य. असे एकूण दहा जिन्नस, वरून खालपर्यंत वाचले की विमलाबाईंचा मोबाइल. खाली लिहिलं, 'प्रमाण नीट बघा. रविवारच्या आत करून बघितलंत तर बरं.'

शनिवारी दुपारी उत्तर आलं. 'शंकरपाळ्या केल्या. मीठ जरा जास्त वाटलं.'

विमलाबाईंनी फोन उलटा ठेवला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका निराश करणारा पेपर त्यांनी तपासला नव्हता.

रविवारी सकाळी अकरा वाजता श्रीनिधीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून नवी लायब्ररी बसवली. दोनदा अडली. एका ठिकाणी तिला आणखी तीन लायब्रऱ्या नव्या हव्या होत्या, त्यांना आणखी दोन. "एकाला जेवायला बोलवावं तर घरादारासकट येतात," तो पुटपुटला. बाराच्या सुमाराला म्हणाला, "झालं. सगळे बाहेर." आतल्या खोलीत विमलाबाईंच्या फोनवर कधी न दिसलेलं पान दिसलं : कृपया पुन्हा प्रवेश करा. त्यांच्या बोटाने ते केलं. बोटाला इतक्या दिवसांची सवय होती.

टेबलावर श्रीनिधीचा फोन वाजला.

"अरे, मलाच कोड आला," तो म्हणाला. "माझ्या खात्यात कोण शिरतंय?"

"तुझं खातं आहे अजून?" नेत्राने विचारलं.

"बंद झालंय की. आईने तेव्हाच..." त्याने लॅपटॉपवर बघितलं. नेत्रा त्याच्या खांद्यावरून वाकली.

"अविवाहित," तिने वाचलं. "निमगोरा. नोकरी नसल्यासही हरकत नाही. कित्ती मोठं मन रे तुझं! आणि शेवटचा प्रवेश काल दुपारी? काल दुपारी तर तू माझ्याबरोबर गॅस दुरुस्तीला बसला होतास."

दोघांनी एकदमच आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दारात विमलाबाई उभ्या होत्या. हातात फोन होता.

"तो कोड दहा मिनिटंच चालतो म्हणे," त्या म्हणाल्या. "आधी तो सांगा. मग काय बोलायचं ते बोला."

"आई! अगं, मी या साइटचा..."

"तू थांब," नेत्रा म्हणाली. ती सासूला कन्नड रीतीने अत्ती म्हणत असे. "अत्ती, आधी एक सांगा. माझ्यासाठी सवत शोधताय काय?"

"छे गं बाई! तिची पत्रिकासुद्धा जुळत नाही!"

यावर नेत्रा इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग विमलाबाईंनी सगळं सांगितलं. मेतकूट, मोतीबिंदू, शंकरपाळ्या. शंकरपाळ्यांपाशी नेत्राने नवऱ्याचा फोन उचलला आणि कोडाचे सहा आकडे शिक्षिकेला ऐकू जातील असे खणखणीत वाचले. श्रीनिधी म्हणाला की हे सुरक्षेच्या मूळ तत्त्वालाच धरून नाही. नेत्रा म्हणाली, महिन्याची मुदत सगळ्यांना आहे, तुझ्या आईलाही आहे.

विमलाबाई आत गेल्या. वधू क्रमांक २६३च्या नावापुढे लिहून आलं होतं : पडताळणीच्या प्रतीक्षेत. त्याखाली त्यांनी टाइप केलं, 'मी श्रीनिधी नाही. त्याची आई. वय सदुसष्ट. तुम्ही सावनी नसाल तरी मला चालेल.' निरोप गेला. वाचल्याची खूण उमटली नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही.

"तुझ्याकडे तिचा पत्ता असेल की," त्या बुधवारी मुलाला म्हणाल्या.

"असेल. पण मी बघणार नाही. लोकांची खाजगी माहिती आहे ती."

"बघू नकोस," त्या म्हणाल्या. "पाकिटांची यादी तेवढी छापून दे."

तीनशे बारा जणांनी अजून कोड घातला नव्हता. विमलाबाईंनी चार दिवस बसून तीनशे बारा पाकिटांवर सुवाच्य अक्षरात पत्ते लिहिले. शंभराच्या पुढे मनगट दुखायला लागलं, दोनशे साताव्या पाकिटावर सावनीचं नाव आणि जुनी हुबळी आली. आतला छापील कागद म्हणत होता : 'आपली ओळख सिद्ध न झाल्यास आपले अस्तित्व मंडळाच्या नोंदीतून रद्द समजण्यात येईल.' मसुदा बाळाचार्यांचा होता. या एका पाकिटात विमलाबाईंनी आणखी एक चिठ्ठी घातली, 'आठ चमचे मीठ कोणी घालतं काय?' मग उरलेली एकशे पाच पाकिटंही लिहिली. अर्धं काम टाकून उठायची त्यांना सवय नव्हती.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मुदतीला दोन दिवस असताना, वधू क्रमांक २६३च्या नावापुढे हिरवी खूण आली. पाठोपाठ निरोप.

'मी वेणूबाई. सावनीची आत्या. वय एकाहत्तर. सावनी लग्न होऊन बेंगळूरला असते, कोड तिच्या फोनवर जात होता, ती सणाला आली तेव्हा घातला. तुमचा नंबर मला पहिल्याच दिवशी कळला होता. आपल्यात लसूण घालत नाहीत, हे मुद्दाम कोण लिहितं? पण मी फोन काय करू? मला दहा वर्षांपासून ऐकू येत नाही. माझ्याकडे फोनच नाही. सावनीने टाकलेला टॅब आहे, त्यात सिम नाही, घरच्या वायफायवर चालतो. फोन करता येत नाही असं लिहिलं असतं तर सत्तावीस वर्षांची मुलगी बहिरी कशी, हे सांगावं लागलं असतं. म्हणून मिठाचं लिहिलं. शंकरपाळ्या केल्याच नाहीत.'

विमलाबाईंनी हा निरोप तीनदा वाचला. मग बाहेर येऊन सुनेला म्हणाल्या, "पैकीच्या पैकी." आणखी काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी नेत्राने त्यांना स्कूटरवरून जुन्या हुबळीला नेलं. वेणूबाईंचे भाऊ गुरुराज यांच्या घरात, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा जागी, दोघी समोरासमोर बसल्या. भेट चांगली झाली नाही. वेणूबाई ऐकू येत नसल्यामुळे सगळं ओरडून बोलत आणि खालची गिऱ्हाइकं वर बघत. विमलाबाईंना बोलायचं ते पाटीवर लिहून दाखवावं लागे, आणि पाटी हातात आली की त्यांचं शुद्धलेखन सुरू होई. तासाभरात दोघींना आपण परक्या बाईसमोर बसलो आहोत असं वाटायला लागलं. निघताना विमलाबाईंनी पाटीवर लिहिलं, 'घरी जाऊन लिहिते.' वेणूबाई एकदम मोकळ्या हसल्या. "हां, ते बरं!" त्या ओरडल्या. खाली एका गिऱ्हाइकाने वर बघितलं.

पण लिहायचं कुठे? नव्या लायब्ररीबरोबर श्रीनिधीने एक घोषणापत्रही घातलं होतं : मी सध्या विवाहित नाही. कोड घातलेल्यांनीही मुदतीच्या आत त्यावर खूण करायची होती, आणि श्रीनिधीची किंवा सावनीची खूण आता होऊ शकत नव्हती. दोन्ही खाती मुदतीअखेर बंद झाली. साइटवर राहायचं तर उमेदवार व्हावं लागे. घोषणापत्रावर खरी खूण करू शकतील अशा दोघीच होत्या, आणि दोघी विधवा होत्या. नियम असा की वधूला फक्त वराशी बोलता येतं आणि वराला फक्त वधूशी.

"हा नियम काढून टाक," विमलाबाई मुलाला म्हणाल्या.

"आई, वधूवर मंडळ आहे ते. तो नियम काढला तर उरतं काय?"

खाती बंद होण्यापूर्वी शेवटचा निरोप वेणूबाईंचा आला होता, 'वराकडच्या तुम्हीच व्हा. तुम्हाला सवय आहे. मी वधू राहते.'

विमलाबाईंनी एका दुपारी अर्ज भरला. नाव स्वतःचं घातलं, जन्मतारीख खरी घातली, वर विभाग निवडला. वैवाहिक स्थितीत तिथे तीनच पर्याय होते, त्यांतला 'विधुर' हा त्यांना सत्याच्या सर्वांत जवळचा वाटला. कोड त्यांच्याच फोनवर आला आणि त्यांनी तो स्वतः घातला. वेणूबाईंचा कोड गुरुराजांच्या फोनवर गेला. त्यांनी तो दुकानाच्या चिठ्ठीवर लिहून वर पाठवला. दोन्ही नावांपुढे हिरवी खूण आली. महिनाअखेर मंजुरीची यादी बाळाचार्यांपुढे गेली आणि त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटच्या पानावर सही केली.

मंडळाच्या आठशे तेरा वरांपैकी स्वतःचा अर्ज स्वतः भरून स्वतःच्या फोनवर आलेला कोड स्वतः घातलेले वर आजमितीस एकेचाळीस आहेत. विमलाबाई त्यांत मोडतात. गेल्या महिन्यात त्यांना तीन मुली सांगून आल्या.